एक नंबर उलटा

मोजे धुण्याचं काम ज्याला हलकं वाटतं, त्याने एकदा येऊन बावीस जणांचे चिखलाने लडबडलेले मोजे तासाभरात धुऊन, सुकवून, जोड्या लावून दाखवावेत. मग तोंड उघडावं. मी हे तेवीस वर्षं करते आहे. या फुटबॉल क्लबात अध्यक्ष चार झाले, कोच नऊ झाले, कपडेवाली एकच. सगळे मला मावशी म्हणतात. माझ्या लेकाच्या वयाचेही म्हणतात आणि माझ्याहून चार पावसाळे जास्त पाहिलेला माळीही म्हणतो. मी कधी कुणाला अडवलं नाही.

आत्ताचे कोच पाच वर्षांपूर्वी आले. खेळाडू त्यांना सर म्हणतात, मी मास्तर म्हणते. माणूस सरळ, पण पत्रकारांपुढे बसला की वेगळाच. दर गुरुवारी साडेअकराला त्यांची पत्रकार परिषद असते. संघ हरत असला की ते तिथे एका खेळाडूचं नाव घेऊन त्याची चारचौघांत बिनपाण्याने करतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, काय हा माणूस, स्वतःच्याच पोरांना चव्हाट्यावर आणतो. मग त्यांनीच मला समजावलं. पत्रकारांना चघळायला काहीतरी लागतंच. आपण एक नाव दिलं की ते बाकीच्या दहा जणांना सोडतात. आणि ज्याचं नाव घेतलं, त्याला आतून ठाऊक असतं की हे सगळं बाहेरच्यांसाठी आहे. तो पेटतो, पण मोडत नाही.

आता हे त्याला कळणार कसं? पहिल्या वर्षी मास्तर कानात सांगायचे. एकाने ते बायकोला सांगितलं, बायकोने भावाला, आणि आठ दिवसांत पेपरात छापून आलं की या कोचचा राग म्हणजे निव्वळ नाटक आहे. तेव्हापासून मास्तरांनी तोंडाने सांगणं बंद केलं आणि हे काम माझ्या गळ्यात घातलं. गुरुवारी पत्रकारांकडे जाताना ते माझ्या खिडकीशी क्षणभर थांबतात आणि एक आकडा सांगतात. ‘सात नंबर उलटा.’ बस, एवढंच. सराव संपवून पोरं बाराला आत येतात, तेव्हा प्रत्येकाच्या खुंटीवर कोरडा शर्ट टांगलेला असतो. ज्याचा नंबर सांगितला, त्याचा शर्ट मी आतली बाजू बाहेर करून टांगते. शर्ट उलटा, म्हणजे मास्तर बाहेर जे बोलले ते मनापासून नाही.

आणि शर्ट सुलटा असून नाव घेतलं तर? ते चार वर्षांत एकदाच झालं होतं. एका स्ट्रायकरचं वजन वाढलंय असं मास्तर बोलले आणि मला काहीच सांगून गेले नाहीत. महिन्याभरात त्याचा गाशा गुंडाळला. तेव्हापासून पोरं दारातून आत आली की आधी खुंट्या बघतात, मग फोन.

या बोलण्याचा खेळावर परिणाम होतो का, असं एक चष्मेवाला पत्रकार मास्तरांना दर दोन महिन्यांनी विचारायचा. मास्तर हसून टाळायचे. मला विचारलं असतं तर मी सांगितलं असतं. होतो. ज्याचं नाव गुरुवारी घेतलं, त्याचा शर्ट शनिवारी सगळ्यांत जास्त मळून येतो. नुसते गुडघे नाहीत, छातीला चिखल, पाठीला गवत, कोपरावर रक्त. दोन पाणी जास्त लागतात. खेळातलं मला फारसं कळत नाही, पण कोण जीव तोडून खेळला आणि कोण अंग चोरून, ते मी बादलीत बघून सांगते.

तर आमचा एक नंबर, म्हणजे गोलकीपर. उंचीमुळे सगळे त्याला शिडी म्हणायचे. सहा वर्षांपूर्वी माझी लेक मला डबा द्यायला क्लबात यायची. ती डबा द्यायची कमी आणि रेंगाळायची जास्त, तेव्हाच मी ओळखलं. पुढे लग्न झालं आणि शिडी माझा जावई झाला. क्लबात अरे-तुरे, घरी अहो-जाहो, अशी माझी कसरत सुरू झाली. त्याचंही तसंच. क्लबात मावशी, घरी आई. एकदा त्याने सगळ्यांदेखत ‘आई, माझे ग्लोव्ह्ज’ म्हटलं, तर पुढे वर्षभर अख्खा संघ मला सासूबाई म्हणून चिडवत होता. पोरगा गुणी. लेकीला फुलासारखं जपतो. हे मी आज सांगते आहे, कारण त्या गुरुवारी मला यातलं काहीच आठवलं नाही.

त्या गुरुवारी सकाळी दहाला क्लबचे चिटणीस माझ्या खोलीत आले. कधी न येणारा माणूस. इकडचं तिकडचं बोलले, मशीनचा आवाज फार येतो म्हणाले, आणि मग म्हणाले, ‘मावशी, पुढच्या हंगामापासून तुम्ही आराम करा. तुमच्या जावयानेच विषय काढला. वय झालं, पाठ दुखते, म्हणाला. त्यालाही जरा ते हे वाटतं.’

‘काय वाटतं?’ मी विचारलं.

‘म्हणजे बघा, सासूने बरोबरच्या खेळाडूंचे कपडे धुवायचे...’

पुढचं मी ऐकलंच नाही. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पाठ माझी, काम माझं, आणि लाज याला वाटते. आणि मला विचारलं नाही, लेकीला विचारलं नाही, परस्पर चिटणिसांकडे. आदल्या रविवारी माझ्याच हातचं जेवला होता आणि चकार शब्द काढला नव्हता. चिटणीस गेल्यावर मी एक टॉवेल एवढा पिळला की शिवण उसवली.

संघाची अवस्था तेव्हा वाईट होती. ओळीने पाच सामने हरलो होतो. शनिवारचा हरलो असतो तर खालच्या गटात घसरलो असतो, आणि मग निम्म्या लोकांना घरी बसावं लागलं असतं. अकरा वाजून वीस मिनिटांनी मास्तर खिडकीशी आले. चेहरा ओढलेला. म्हणाले, ‘एक नंबर उलटा, मावशी. आज जरा जास्तच बोलणार आहे. विसरू नका हं.’

‘मी कधी विसरले?’ मी म्हटलं.

विसरले नाहीच. शर्ट हातात घेतला, बाह्यांमध्ये हात घातला, आणि तसाच थांबवला. मनात म्हटलं, लागू दे की याला एकदा. दुसऱ्याने आपल्या पाठीमागे आपल्याबद्दल बोललेलं कसं लागतं, कळू दे. दोन तास जळू दे, संध्याकाळी घरी जाऊन सांगेन. आणि मी एक नंबरचा शर्ट सुलटा टांगला. बाह्यांवरून हात फिरवून सुरकुत्यासुद्धा काढल्या.

मास्तर काय बोलले ते माझ्या खोलीतल्या छोट्या टीव्हीवर मी ऐकलं. ‘आमचा गोलकीपर हल्ली गोल सोडून पुढे येत नाही. समोरून बूट आला की मान फिरवतो. भीती पोटात घेऊन गोलात उभं राहता येत नाही. मला त्याच्या जागी कुणीतरी बघावं लागेल.’ चष्मेवाल्याची मान खाली, भराभरा लिहीत होता.

बाराला पोरं आली. शिडीने खुंटी बघितली, शर्ट काढला, मागे-पुढे करून पाहिला. मग फोन काढला. बाकावर बसून ते सगळं त्याने ऐकलं. दोनदा ऐकलं. पोरांच्या लक्षात आलं होतं, कुणी त्याच्याकडे बघेना. नेहमी ज्याचा शर्ट उलटा असतो त्याची टिंगल चालते, कुणी डोक्यावर टपली मारतो. त्या दिवशी नळाचं पाणी तेवढं ऐकू येत होतं.

तो माझ्या खिडकीशी आला. ‘मावशी, सर जाताना काही म्हणाले का तुला?’

‘मला कशाला म्हणतील? मी कपडे धुणारी बाई.’

त्याने माझ्याकडे जरा वेळ बघितलं. चिटणीस बोलले असणार, हे त्याला कळलं असेल का? तेव्हा मला वाटलं, कळलंय. आता वाटतं, त्या घडीला त्याच्या डोक्यात तेवढी जागाच नव्हती. तो ‘बरं’ म्हणाला आणि गेला.

संध्याकाळी मी लेकीच्या घरी गेले नाही. राग अजून उतरला नव्हता, हे एक. आणि दुसरं म्हणजे, आता सांगायचं तर मी हे का केलं तेही सांगावं लागलं असतं. उद्या सांगू म्हटलं. शुक्रवारी सकाळीच मास्तरांनी संघ हॉटेलवर नेला, फोन काढून घेतले. शनिवारी मैदानावर बघू म्हटलं. असं ते पुढे ढकलत गेले. लोक म्हणतात वेळ मिळाला नाही. मला तीनदा मिळाला.

शनिवारी बोगद्यातून मैदानावर जाताना तो माझ्या समोरून गेला. हाताच्या अंतरावरून. मी ग्लोव्ह्जची दुसरी जोडी घेऊन उभी होते. ‘अरे, तो शर्ट उलटाच टांगायचा होता’ एवढं म्हणायला कितीसा वेळ लागतो. पण त्याचा चेहरा मी पाहिला आणि गप्प बसले. इतका पेटलेला मी त्याला कधीच पाहिला नव्हता. मनात आलं, औषध लागू पडलंय. आता सामना होऊ दे.

आणि पडलं होतंच. असा खेळला तो! गोल सोडून पुढे धावत होता, गर्दीत उड्या मारत होता, दोन चेंडू असे अडवले की समोरच्या संघाचे प्रेक्षकसुद्धा उठून उभे राहिले. मला अभिमान वाटला. खोटं कशाला बोलू, मला स्वतःचाच अभिमान वाटला. म्हटलं, मास्तर उलट्या शर्टाने जे चार वर्षांत करू शकले नाहीत, ते मी एका सुलट्या शर्टाने केलं.

आमचा एक गोल झाला होता. सामना संपायला दहा मिनिटं उरली होती. त्यांचा स्ट्रायकर एकटा चेंडू घेऊन आला. शिडी पुढे धावला आणि सरळ त्याच्या पायांत झेपावला, डोकं पुढे करून. स्ट्रायकरने चेंडू मारायला पाय उगारला होता, तो आता थांबणार नव्हता. त्याचाही दोष नाही.

चेंडू शिडीच्या छातीखाली होता. तो त्याने सोडला नाही. डॉक्टर आत धावले तरी सोडला नाही, दोघांनी मिळून काढून घ्यावा लागला. आम्ही एक शून्यने जिंकलो. खालच्या गटात घसरलो नाही.

तो शर्ट कापून काढला होता, तोही माझ्याकडेच धुवायला आला. मी तो धुतला नाही.

गालाचं हाड तीन ठिकाणी मोडलं होतं. डावा डोळा गेला. बुटाचा खिळा सरळ आत. डॉक्टर माझ्या लेकीला म्हणाले, ‘ऐनवेळी नुसती मान फिरवली असती ना, तर कानशिलावर निभावलं असतं. माणूस मान फिरवतोच. यांनी का फिरवली नाही, कळत नाही.’ मी शेजारीच उभी होते.

हॉस्पिटलच्या जिन्यात मास्तरांनी मला गाठलं. तोवर बाहेर बोंब झाली होती. कोचच्या जिभेने डोळा घेतला, असं पहिल्या पानावर आलं होतं. मास्तर दोन दिवसांत दहा वर्षांनी म्हातारे दिसत होते. म्हणाले, ‘मावशी, एकच विचारतो. शर्ट उलटा होता ना?’

‘हो,’ मी म्हटलं.

त्यांनी जिन्यातच बसकण मारली. ‘मग त्याला ठाऊक होतं. मग डोळा माझ्यामुळे नाही गेला. खेळात होतं असं.’ आणि डोळ्याला रुमाल लावून रडले. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. ठेववला मला.

दहा-बारा दिवसांनी घरी आल्यावर शिडी बदलला. मला वाटलं होतं, खचेल. पण तो भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ती झेप सांगायचा. उशीचा चेंडू करून दाखवायचा. ‘सर म्हणाले होते, मान फिरवतो. बघितलंत ना? फिरवली का? सर हॉस्पिटलमध्ये आले तेव्हा हात धरून म्हणाले, तुझ्यासारखा कीपर नाही. शब्द मागे घ्यायला लावले की नाही?’ एक डोळा पट्टीखाली, दुसरा चमकत असायचा. त्याच्यापाशी तेवढंच उरलं होतं आणि त्यावर तो उभा होता.

माझी लेक मात्र मास्तरांचं नाव निघालं की उसळायची. ‘त्या माणसाला मी सोडणार नाही,’ म्हणायची. तिने चष्मेवाल्याला फोन करून बोलावून घेतलं. मंगळवारी चार वाजता मुलाखत ठरली. ती छापून आली की मास्तरांची नोकरी जाणार आणि पुन्हा कुठला क्लब त्यांना दारात उभं करणार नाही, हे मला दिसत होतं.

मंगळवारी दुपारी लेक औषधं आणायला गेली. मी त्याच्या पट्टीखालची जखम पुसत होते. म्हटलं, आता नाही तर कधीच नाही. आणि सगळं सांगितलं. चिटणीस आले तिथपासून बोगद्यापर्यंत. काहीही गाळलं नाही, काहीही सारवलं नाही. मला वाटत होतं, तो मला घराबाहेर काढेल, शिव्या देईल. त्यासाठी माझी तयारी होती. मला ते हवंच होतं.

त्याने एवढंच विचारलं, ‘म्हणजे सरांना तसं वाटत नव्हतं?’

‘नाही हो. कधीच नव्हतं.’

‘मी घाबरतो असं कुणालाच वाटत नव्हतं?’

‘नाही.’

‘मग मी कुणाला दाखवायला गेलो?’

हातातला कापूस तसाच धरून मी बसले. मी सत्य सांगून मोकळी व्हायला आले होते, आणि त्याच्याकडे जे एवढंसं होतं ते मी काढून घेतलं होतं. तो भिंतीकडे तोंड करून म्हणाला, ‘हे मला कशाला सांगितलंत? तुमचं ओझं हलकं व्हावं म्हणून?’

‘तुमच्या सरांची नोकरी जाईल,’ मी म्हटलं.

‘जाऊ दे.’ मग म्हणाला, ‘हिला सांगू नका. तिला नवरा असा मिळालाय, आता आईपण कशाला हिरावून घ्यायची. आणि सर मनापासूनच बोलले होते, असंच राहू दे. कुणाच्यातरी बोलण्यावरून गेलो, असं तरी राहू दे.’

चारला चष्मेवाला आला. लेकीने सगळं सांगितलं, रडत रडत. मग त्याने शिडीला विचारलं, ‘पण कोच हे सगळं खेळाडूंना पेटवण्यासाठी बोलतात, अशी क्लबात कुणकुण आहे. तुम्हाला आधी कल्पना दिली होती का?’

‘नाही,’ शिडी म्हणाला. ‘सर मनापासून बोलले. माझ्या जागी दुसरा बघतो म्हणाले. मी दोन रात्री झोपलो नाही.’ ‘सर मनापासून बोलले’ एवढं सोडलं, तर एकेक शब्द खरा होता. मी कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून ऐकत होते, आणि लेकीने येऊन माझा हात हातात घेतला.

गुरुवारी छापून आलं. शुक्रवारी सकाळी मास्तरांना काढलं.

दुपारी ते सामान न्यायला आले. एक पेटी, एक शिट्टी, दोन वह्या. खिडकीशी थांबले. आवाज चढलेला नव्हता, उलट समजूत काढल्यासारखा होता.

‘मावशी, मला एक कोडं सुटत नाहीये. शर्ट उलटा होता, तुम्ही सांगितलंत. पोरांना विचारलं, तर त्यांच्यापैकी कुणी तोंडच उघडत नाही, सगळे माझ्यावर फुगलेत. तुम्ही टांगलात म्हणजे त्याने बघितला असणार. मग तो असं का म्हणाला? मला कल्पना नव्हती, असं?’

मशीन चालू होतं. मी ते बंद केलं. खरं काय ते सांगून टाकायची सोयही आता उरली नव्हती. मी तोंड उघडलं तर लेकीची आई जाणार होती आणि जावयाचं जे काही उरलं होतं तेही जाणार होतं. आणि याशिवाय मी भ्याले होते, हेही लिहून ठेवायला हवं. एवढी मोठी बाई, मास्तरांच्या डोळ्यांत बघायला भ्याले.

‘डोक्याला मार लागलाय ना, सर,’ मी म्हटलं. पहिल्यांदाच त्यांना सर म्हटलं. ‘त्याला त्या दिवसाचं नीट आठवत नाही. काहीबाही बोलतो.’

मास्तरांनी मान हलवली. त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण हळूहळू गेला.

‘असं आहे होय,’ ते म्हणाले. ‘मग त्याचा काय दोष. जपा त्याला, मावशी. आणि माझ्यामुळे घरात भांडू नका.’